मात्रा कोणी काढली?

कॉम्प्युटर ओरडला नाही, म्हणून शेवटी परिचारिकाच ओरडली.

मुलांचा दवाखाना होता. बाकावर आयांच्या मांड्यांवर पोरं कण्हत होती. तापाने फणफणलेल्या एका पोरासाठी कॉम्प्युटरने औषधाचा आकडा दिला, बाटलीवर डकवायचं लेबलही छापून दिलं. परिचारिकेने औषध ओतायला घेतलं आणि तिचा हात जागीच थांबला. एवढं औषध तिच्या नवऱ्यालाही झेपलं नसतं, आणि नवरा असा की दारात उभा राहिला तर घरात उजेड येत नाही.

औषध खात्याच्या तपासनीस बाई आल्या तेव्हा पोर सुखरूप होतं. बाई मात्र नव्हत्या. आठवडाभर गावोगाव तपास करून पाय सुजले होते आणि डोळ्यांत वाळू पडल्यासारखं होत होतं. खुर्ची दिसली, तशा त्या आधी बसल्या.

"चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"पहिली चूक माझीच," परिचारिका म्हणाली. "वजन टाइप करताना एक शून्य जास्त पडलं. पण बाई, असं पूर्वीही व्हायचं. तेव्हा 'मात्रा तपासा' म्हणून हे मेलं ओरडायचं. आकडा जास्त झाला की ओरडायचं, कमी झाला की ओरडायचं, बरोबर असला तरी अधूनमधून ओरडायचंच. सासूच म्हणा ना! परवा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचं नवं पॅकेज आलं आणि सासूबाईंनी मौन धरलं."

"कंपनीला फोन केलात?"

"त्यांना? तिथला माणूस एकच मंत्र जपतो. बंद करा, चालू करा. म्हणून थेट तुम्हाला लावला."

"शहाण्या आहात. आता कंपनीतल्या कोणालाही काय बिघडलंय ते सांगायचं नाही. एक अक्षर नाही."

बाईंनी खात्यात कळवलं, कंपनीच्या मालकांनाही येतेय म्हणून फोन केला. सगळ्या दवाखान्यांनी नवं पॅकेज बंद ठेवून हातानेच हिशेब करायचा, असा हुकूम सुटला. मग त्यांनी फळीवरच्या बाटल्या चाळल्या. जुन्या बाटलीच्या लेबलावर छापलं होतं, 'दौन वेळा'. नव्या बाटलीवर, 'दोन वेळा'. बाईंनी दोन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या आणि उठताना गुडघ्याला शिव्या घातल्या.

कंपनी वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद. बाई धापा टाकत पोचल्या, तर मालक जिन्याशीच हात चोळत उभे.

"मॅडम, तुम्ही उगाच त्रास घेतलात. चोर सापडलाय. पॅकेज बांधणारी मुलगी. सकाळीच कामावरून काढली. पोलिसांतही देणार आहे."

"तिनेच केलं हे कशावरून?"

"पॅकेजवर शिक्का तिचा. तिच्याशिवाय कोणाला तो मारता येत नाही, आणि शिक्का बसल्यावर आत कोणी बोट घालू शकत नाही. तिच्या घरीही फोन केला. सासूने उचलला. म्हटलं, तुमची सून आज एका पोराचा जीव घेत होती."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मी तुम्हाला फोनवर काय सांगितलं होतं?"

"पॅकेजात खोट आहे, आणि एक पोर थोडक्यात वाचलं."

"खोट कसली आहे, ते सांगितलं?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत?"

मालक पुन्हा हात चोळू लागले. उतावळ्या माणसाला फास अडकवायला गळा हवा असतो. कोणाचा का असेना.

बाईंनी एक खोली मागितली, पाणी मागितलं आणि पाय टेकवायला एक स्टूल मागितलं.

काढून टाकलेली पॅकेजवाली अजून बाहेरच बसून होती, ती आत आली. लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल. रडून डोळे सुजले होते, पण मान ताठ होती. मालक बोलावल्याशिवायच तिच्या मागोमाग आत घुसले.

"तू काय काम करतेस, मला सोप्या शब्दांत सांग," बाई म्हणाल्या. "मी थकलेय. अवघड शब्द आज डोक्यात शिरणार नाहीत."

"इथे प्रत्येक जण सॉफ्टवेअरचा एकेक तुकडा लिहितो. एक रुग्णाच्या नावाचा, एक लेबलाचा, असे. झालेला तुकडा सगळे एका जागी ठेवतात. त्याला आम्ही फडताळ म्हणतो. माझं काम म्हणजे फडताळातले तुकडे एकत्र बांधायचे, चालवून बघायचे, शिक्का मारायचा आणि दवाखान्यांना पाठवायचे."

"फडताळाला कुलूप?"

"आहे. पण पासवर्ड सगळ्यांचा एकच, भिंतीवर चिकटवलेला."

"वा! कुलूपही आणि किल्लीही. मग तुकडे तू हाताने निवडतेस?"

"नाही. कॉम्प्युटर निवडतो. एका नावाचे दोन तुकडे असले तर ज्याचा आकडा मोठा तो उचलायचा, कारण तो नवा."

"आत काय आहे ते बघत नाही?"

"नाव आणि आकडा. बस."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "मात्रा कोणी काढली?"

"ती मीच काढली," मुलगी म्हणाली.

"बघा!" मालक उसळले. "कबूल झाली! तुमच्यासमोर कबूल झाली!"

"काय कबूल झाली?" बाईंनी विचारलं.

"ते... म्हणजे... जे काय काढलं ते!"

"तुम्ही बाहेर बसा."

मालक गेले. मुलगी गोंधळून बघत होती. बाई एवढंच म्हणाल्या, "तूही बाहेर थांब. घरी जाऊ नकोस."

"घरी जाऊ तरी कुठल्या तोंडाने?" ती म्हणाली. "सासूबाईंनी फोन ऐकून घेतला आणि एक शब्द न बोलता ठेवून दिला म्हणे. लग्नानंतर मी नोकरी करावी म्हणून सगळ्या नातेवाइकांशी त्या एकट्या भांडल्या होत्या. आता त्यांनी काय सांगायचं लोकांना?"

बाईंनी आपलं पाणी तिच्याकडे सरकवलं.

मग त्या स्वतः उठून मेहुण्याच्या टेबलाशी गेल्या. हा मालकांच्या बायकोचा धाकटा भाऊ. पूर्वी तोही तुकडे लिहायचा. आता लेबलांचा मजकूर आणि दवाखान्यांच्या तक्रारी एवढंच त्याच्याकडे होतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दाढी वाढलेली. टेबलावर फोन होता आणि तो शांत होता.

"तक्रारींचे फोन फार येत असतील," बाई समोर बसत म्हणाल्या.

"जीव नकोसा व्हायचा मॅडम. घास तोंडाशी नेला की वाजायचा. सकाळी डोळा उघडायच्या आधी वाजायचा."

"आज एकही वाजला नाही?"

"दोन दिवस झाले, शांत आहे." तो किंचित हसला. "देवाची कृपा."

"मात्रा कोणी काढली?"

"मी कशाला काढू? चष्मेवाल्यांनी दिली तशी फडताळात आहे. पॅकेजमध्ये जायची राहिली असेल तर बांधणारीला विचारा. कबूल झाली ना ती? दाजी म्हणाले."

"म्हणाले खरं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

चष्मेवाले म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने गृहस्थ. चष्मा एवढा जाड की मागचे डोळे बशीएवढे दिसायचे.

"तुम्ही कुठला तुकडा लिहिता?"

"औषध किती द्यायचं त्यावर पहारा ठेवतो तो. मात्रा त्याचं नाव. आकडा चुकला की ओरडतो. जरा जास्तच ओरडतो, मला मान्य आहे. सुधारायला वेळ मागितला, मालक म्हणाले पुढच्या खेपेला."

"मग, मात्रा कोणी काढली?"

चष्मेवाले खोखो हसले. "दौनची? मीच काढायला लावली! अहो, सगळ्या दवाखान्यांत बाटल्यांवर 'दौन वेळा' छापून जात होतं. 'दोन' या शब्दावर एक मात्रा हवी, ह्याने दोन चढवल्या. मालकांचा मेहुणा आहे म्हणून काय भाषेचाही मेहुणा झाला? गेला आठवडाभर सगळं ऑफिस त्याला दौनशास्त्री म्हणतंय. शेवटी त्या मुलीने बांधायच्या आधी एक मात्रा काढली."

बाईही हसल्या. खूप दिवसांनी हसल्यामुळे गाल दुखले.

त्यांनी पॅकेजवालीला बोलावलं. "आता तुझ्या कॉम्प्युटरवर हे पॅकेज चालव. वजनात एक शून्य जास्त घाल."

तिने घातलं. कॉम्प्युटर किंचाळला.

"बघा ना बाई, ओरडतोय! माझ्याकडे तर सगळं नीट चालतं!"

"ज्यावर तुमचं काम कधीच झालं नाही, असा एखादा कॉम्प्युटर आहे इथे?"

दाराशी बसणाऱ्या स्वागतिकेचा नवाकोरा होता. तिथे तेच पॅकेज बसवलं आणि तेच वजन घातलं. पडद्यावर अवाढव्य आकडा उमटला. आवाज नाही.

मुलीचा चेहरा पांढरा पडला. "पहारा आत आहेच कुठे?"

"तुझ्याकडे कसा होता?"

"माझ्याकडे चष्मेवाल्या काकांच्या तुकड्याची मूळ प्रत कायम असते, रोजच्या कामाला." ती पुटपुटली. "कॉम्प्युटरला स्वतःकडेच तुकडा सापडला की तो पॅकेजमधला उघडतच नाही. दवाखान्यांत मात्र नवं पॅकेज जुनं सगळं पुसून बसतं."

"म्हणजे स्वतःच्या भांड्यातलं चाखलंस आणि पाहुण्यांना दुसऱ्यातलं वाढलंस. ही तुझी चूक, आणि ती तुला पुरेशी आहे. दुसऱ्याची कशाला डोक्यावर घेतेस? फडताळ उघड."

फडताळात मात्रा नावाचे दोन तुकडे होते. एक चष्मेवाल्यांचा. दुसऱ्याचा आकडा मोठा, आणि आत काही नाही. नुसतं टरफल.

बाईंनी सगळ्यांना खोलीत बसवलं. स्वतः स्टुलावर पाय ठेवूनच बोलल्या.

"पहारा करणारा तुकडा कोणी चोरला नाही. त्याच्या शेजारी त्याच्याच नावाचा पोकळ तुकडा ठेवला आणि आकडा मोठा दिला. कॉम्प्युटरने नाव बघितलं, आकडा बघितला, पोकळ तुकडा उचलला. शिक्का खरा, माल खोटा. पासवर्ड भिंतीवर, म्हणजे हे कोणालाही जमलं असतं. म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. मात्रा कोणी काढली?"

"म्हणजे?" मालक म्हणाले.

"काय बिघडलंय हे या ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. मग मात्रा म्हटल्यावर इथल्या माणसाला काय आठवेल? आठवडाभर ज्याची थट्टा चाललीय ती दौनवरची मात्रा. ही मुलगी म्हणाली, मीच काढली. चष्मेवाले म्हणाले, मी काढायला लावली. आणि ज्याला सगळे दौनशास्त्री म्हणून चिडवतात, ज्याला तो शब्द ऐकताच मिरची लागायला हवी होती, तो काय म्हणाला?"

मेहुणा जमिनीकडे बघत होता.

"तो म्हणाला, पॅकेजमध्ये जायची राहिली असेल. कुठली मात्रा, असं विचारलंसुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं!"

"दाजी, मी..." मेहुण्याचा आवाज फुटला. "मला कोणाला मारायचं नव्हतं. पहारा उगाच ओरडायचा, दवाखाने माझ्यावर ओरडायचे. दाजींना म्हटलं, सुधारून घ्या. पुढच्या खेपेला म्हणाले. एवढी एक खेप गप्प ठेवावा म्हटलं. झोप हवी होती मला. फक्त झोप."

"आणि हिला पोलिसांत देताना बघत बसलास, तेव्हा लागली झोप?"

त्याने डोळे चोळले.

"थकले मीही आहे," बाई हळू म्हणाल्या. "थकलेला माणूस झोपतो रे. पहारेकऱ्याचा गळा दाबत नाही. चल, जबाब लिहून दे. तुम्हीही द्या मालक, पुढच्या खेपेला म्हणालात त्याचा."

"बायकोला काय तोंड दाखवू?" मालक कपाळ धरून म्हणाले.

"जे आहे तेच. दुसरं कुठून आणणार?"

दवाखाने खोळंबले होते. पॅकेजवालीने टरफल फेकलं, खरा तुकडा घेऊन सगळं पुन्हा बांधलं आणि या वेळी आधी स्वागतिकेच्या कॉम्प्युटरवर चालवलं. तो असा किंचाळला की स्वागतिकेने कानावर हात ठेवले. बाईंना अंगाईसारखं वाटलं.

"झालं तर मग," मालक ओशाळं हसले. "उद्यापासून ये कामावर. मार शिक्का."

मुलीने हात मागे घेतला. "आधी घरी फोन लावा. सकाळी लावला होता तसाच. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पिशवीतून रुमाल काढला आणि चेहरा पुसत बसल्या. मालकांनी फोन लावला.

"आजी, मी कंपनीतून... सकाळी मी बोललो ते चुकीचं होतं. तुमच्या सुनेने काही केलेलं नाही."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग म्हातारीचा.

"ते मला सांगता? मला सकाळीच ठाऊक होतं. फोन ठेवला तो तुमचं पटलं म्हणून नाही. तुम्हाला काय ऐकवावं, त्याला शब्द सापडेनात म्हणून. आता सापडलेत. उभे आहात का?"

"हो."

"बसून घ्या. वेळ लागेल."

मालक बसले.