वांग्याच्या वावरातला गाडीतळ

"मुकी नाही, पन मुक्यावानीच हाय. आपल्याले अशीच पायजे होती. तिनं इचारलं तं ही काई उत्तर देनार नाही."

तुळसाबाई गोठ्यात नवऱ्याशी बोलत होत्या आणि कुडाच्या अलीकडे त्यांच्या नव्या सुनेनं ते ऐकलं. अंजना वांग्यांची पाटी खाली ठेवायला वाकली होती, ती तशीच वाकून राहिली. पाटी ठेवली असती तर आवाज झाला असता.

मानोऱ्याकडच्या माहेराहून आणलेल्या लुगड्यांच्या घड्यासुद्धा तिनं अजून मोडल्या नव्हत्या. पाहायला आले तेव्हा तुळसाबाईंनी नाव विचारलं होतं आणि तिनं ते इतकं हळू सांगितलं होतं, की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. "पोरगी गरीब हाय," असं म्हणून त्यांनी तिथंच पसंती दिली. त्या शब्दाचा अंजनाला मनातून मोठा अभिमान होता. आता तिच्या लक्षात आलं, की बैल घेताना दात बघतात तसं या लोकांनी तिचं गप्प बसणं बघून घेतलं होतं. कानाच्या पाळ्यांपर्यंत तिला लाज चढली. सासूची नाही, स्वतःचीच.

आणि 'तिनं इचारलं तं' म्हणजे कोणी?

घरातली एक गोष्ट तिला पहिल्या आठवड्यापासून खटकत होती. या घरात 'गाडी' हा शब्द कोणी उच्चारत नसे. बैलांची ती बंडी आणि रुळांवरची ती रेल. एकदा जेवताना "गाडीत बसून पाय आखडले" असं ती बोलून गेली, तर सासऱ्यांनी, दौलतरावांनी, हातातला घास ताटात ठेवला. नवरा शालिग्राम खाली बघून म्हणाला, "बंडी म्हन." गावाचीच रीत असेल, असं तिला वाटलं. पण गाव तर दिवसभर गाडी गाडी करत होतं.

त्याला कारणही तसंच होतं. वाशीमकडे जाणारी ती धाकटी लाइन लढाईच्या काळात बंद पडली होती. रूळ उपसून नेले होते, टेशनच्या छपरात पारवे राहायला आले होते. आता पुन्हा रूळ पडले, पारव्यांना हाकलून चुना फासला आणि गाडी सुरू होणार म्हणून आसपासची गावं हरखून गेली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की गाडी धरायला येणाऱ्यांच्या बैलगाड्या उभ्या कुठं राहणार?

टेशनसमोर पूर्वी गाडीतळ होता. मोकळं मैदान, बैलांना पाणी पाजायची दगडी डोणी, बाजूला एक कवठाचं झाड. लाइन बंद झाली तशी दौलतरावांनी तिथं आधी ज्वारी टाकली, मग विहीर खणली, मग वांगी लावली. सभोवार बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आता त्या तळावर तालुक्यातली सगळ्यात तुकतुकीत वांगी पिकत होती.

त्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडे लोक जमले होते. अलीकडे डोक्यावर पदर ओढून अंजना वांगी तोडत होती आणि ऐकत होती.

"नाल्याच्या अंगानं करा ना उभ्या," दौलतराव म्हणत होते.

"नाल्यात?" इंझोरीचे उकंडराव हसले. "पानकाळ्यात तिथं चाक आसापर्यंत रुतते. रेल जाईन निंगून, आन आमी राहू बैलाचं शेपूट धरून!"

सगळे हसले. तांड्याचा नाईक किसनसिंग तेवढा हसला नाही. तो उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस कुंपणावरून थेट वांग्यांच्या ओळींकडे बघत होता.

"दौलतराव, तळ इथं होता."

"नव्हता. माह्यं वावर हाय हे."

"होता."

"रेल तपासाले साहेब येनार हाय. त्याच्यासमोर बोलू."

किसनसिंग आणखी काही बोलेल असं वाटलं. त्याची नजर फक्त एकदा कवठाखाली जाऊन आली.

त्याच दिवशी दिवेलागणीला तुळसाबाईंनी अंजनाला पुन्हा वावरात धाडलं. "कवठाकडची वांगी तोडून आन. सकाळच्या बाजारात न्याची हायेत. आन कोनी काई बोललं, तं ऐकू नोको."

उजेड अजून होता. पण तो पानांवरून उतरून मातीत जिरत चालला होता, सरींमधल्या पाण्याचा रंग कळेनासा झाला होता. टेशनवरचा ताजा चुना तेवढा फिकट पांढरा दिसत होता. वारा पडला होता. अंजना कवठापर्यंत आली आणि तिला वास आला. ओव्याचा, बाळंतशेपाचा. निखाऱ्यावर टाकून बाळंतिणीला धुरी देतात तो वास. उघड्या वावरात, वांग्यांच्या झाडांत, खोलीचं दार नुकतंच कोणी उघडावं तसा उबदार वास.

मग किणकिण आली. तांड्यातल्या बाया केसांत चांदीच्या घुगऱ्या घालतात, त्यांची. मान जराशी हलावी तेवढीच.

वांग्यांच्या दोन ओळींच्या मध्ये, ओल्या मातीत, एक बाई पाठमोरी बसली होती. तोंड टेशनकडे. तिच्यात आणि फलाटात काट्यांचं कुंपण. मांडीवर तिनं काहीतरी गुंडाळून धरलं होतं आणि एका गुडघ्याने ती ते हळूहळू हलवत होती.

"बाई…" तिनं मागं न बघता विचारलं. "गाडी येईन का वं?"

आवाजात राग नव्हता. कोणाला उगाच त्रास होऊ नये, अशा बेतानं विचारलेलं होतं.

अंजना बोलली नाही. भीतीनं बोलली नाही, असं नंतर तिला म्हणता आलं असतं, पण ते खरं नव्हतं. भीती वाटायच्या आधीच तिचं तोंड सवयीनं मिटलं होतं. जन्मभर मिटत आलं होतं तसंच.

बाईनं थोडी वाट पाहिली.

"बरं…" ती म्हणाली. "बसली हाय मी."

अंजना धावत घरी आली. तुळसाबाईंनी तिचा चेहरा पाहिला, रिकामी पाटी पाहिली.

"बोलली नाही ना तू?"

अंजनाने 'नाही' अशी मान हलवली.

"शहानी हाय माह्यी सून!" त्यांनी डब्यातला गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला, आणि तो गोड लागला, याची लाज तिला त्या वासापेक्षाही जास्त छळत राहिली.

सकाळी विहिरीवर शालिग्रामला तिनं एकच शब्द विचारला. "कोन?"

त्यानं विहिरीचा दोर गुंडाळायला घेतला. "किसनसिंग नाईकाची बहीन. जमना."

"मंग?"

"लाइन बंद झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोठ. आमाले ठाऊक होतं आता रेल नाही येत म्हून. तांड्यात कोनाले ठाऊक नव्हतं. तिचं लेकरू नुकतंच झालेलं, तापानं फनफनलं होतं. वाशीमच्या दवाखान्यात न्याचं म्हून ते एकटीच पायी आली, आन तळावर बसली. आई तिथं पाट्या घेऊन आपल्या बंडीची वाट पाहून राह्यली होती. तिनं आईले इचारलं, गाडी येईन का?"

"आत्याबाई काय म्हनल्या?"

"येईन म्हनली. बस म्हनली." शालिग्रामने दोर घट्ट आवळला. "आई म्हनते, मले वाटलं आपल्या गाडीचं इचारून राह्यली. आपली आली. आई बसली, घरी आली."

"आन ती?"

"बसलीच होती. ओली बाळंतीन, आन रातभर हिवात; कितीक वेळ बसली, कोनी पाह्यलं नाही. तांड्यातले लोक हुडकत आले तवा दोघंही थंड पडले होते." त्यानं दोराला गाठ मारली. "तवापासून इचारते. येईन म्हनावं तं पुन्हा खोटं. येत नाही म्हनावं, तं ते म्हनन, मंग पह्यलेच काहून नाही सांगितलं? म्हून कोनी बोलत नाही. आता रेल चालू होऊन राह्यली. बाबा म्हनतात, तिची ती बसून जाईन."

"कुपाटीतून?" अंजनाने विचारलं.

शालिग्रामने दोर खांद्यावर टाकला. काट्याचं ते कुंपण त्यानंच दरवर्षी नवं केलं होतं.

साहेब आला तो दिवस लख्ख उन्हाचा होता. आसपासच्या गावांतून गाड्या आल्या होत्या आणि उभं राहायला जागा नसल्यामुळे रस्ताभर एकमेकींत अडकल्या होत्या. जुवांत जू गुंतलेलं, बैल फुरफुरताहेत, गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या काढताहेत. तपासणीची रिकामी गाडी धूर सोडत फलाटाला लागली. टोपीवाला साहेब उतरला, रस्त्यावरचा तो गोंधळ बघून वैतागला आणि त्यानं विचारलं, "यहाँ बैलगाडियों का अड्डा था या नहीं?"

"नव्हता," दौलतराव म्हणाले.

"आमचं वावर हाय, साहेब," कुंपणाच्या तोंडाशी उलट्या पाटीवर बसलेल्या तुळसाबाई म्हणाल्या. "पह्यलेपासून."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. ठाऊक सगळ्यांना होतं. पण दौलतरावांच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात सगळेच नेत.

किसनसिंग पुढं आला. ओरडला नाही.

"तळ नव्हता म्हनता, तुळसाबाई. मंग माह्यी बहीन कुठं बसली होती?"

तुळसाबाईंनी पदर तोंडाशी नेला. दौलतराव म्हणाले, "मले काय माहीत?" पण ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात निघालं नाही.

इंजिन वाफ सोडत उभं होतं. आणि त्या कोळशाच्या धुरातून अंजनाला ओव्याचा, शेपाचा वास आला. अगदी खांद्याशी.

"बाई… हेच का वं गाडी?"

या वेळी अंजनाने घरच्यांकडे पाहिलं. बाकी गर्दी साहेबाच्या तोंडाकडे बघत होती. शालिग्राम मात्र आपल्या पायांकडे बघत होता. दौलतरावांनी डोळे मिटले होते. तुळसाबाई पदर दातांत धरून बसल्या होत्या. त्या तिघांनीही ऐकलं होतं. ऐकून तिघंही गप्प होते, आणि चौथी ती.

"हेच," अंजना ओठांतल्या ओठांत म्हणाली. "ऊठ."

मग ती कुंपणाशी गेली आणि नुसत्या हातांनी काटे उपसू लागली. बोरीचे काटे ते, मनगटापर्यंत घुसले. "अंजने!" दौलतराव ओरडले. सासऱ्यानं सुनेचं नाव असं चारचौघांत ओरडलेलं कोणी ऐकलं नव्हतं. ती थांबली नाही. फांद्या ओढून तिनं बाजूला टाकल्या, आणि उघड्या पडलेल्या जागेत वांग्यांच्या मुळांशी ती दगडी डोणी दिसली, बैलांच्या तोंडांनी घासून काठ गुळगुळीत झालेली. साहेबानं डोणीकडे पाहिलं, मग दौलतरावांकडे. पुढं काही विचारावं लागलं नाही.

किसनसिंग आपल्या बैलांकडे वळला, पण त्याची गाडी आत यायच्या आधी कोणीतरी बाहेर आलं. पायाखाली वांगी दबत आली, एकामागून एक. किणकिण तुळसाबाईंजवळ येऊन थांबली. भर उन्हात, धुराच्या झिरझिरीत पडद्यातून, अंजनाला ती पाठमोरीच दिसली. तुळसाबाईंसमोर ती वाकली. पाया पडली की काय, असं अंजनाला वाटलं. मग ती सरळ फलाटावर गेली आणि दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून डब्यात चढली.

शिट्टी झाली. रिकामी गाडी निघून गेली. एकामागून एक बैलगाड्या वांगी तुडवत तळावर येऊन उभ्या राहिल्या. गाडीवानांनी बैल सोडले. किसनसिंगनं आपल्या बैलांसमोर वैरण टाकली आणि कवठाखाली जाऊन तो एकटाच उभा राहिला. त्याच्याकडे बघायची दौलतरावांच्या घरातल्या कोणाची हिंमत झाली नाही.

घरी परतताना बंडीत दौलतराव कासरा धरून पुढं, त्यांच्या बाजूला शालिग्राम. मागं सासू आणि सून समोरासमोर. अंजनाच्या हातांतून रक्त येऊन लुगड्यावर वाळत होतं. ऊन अजून तिरपं झालं नव्हतं. टेशन मागं पडलं तशी तुळसाबाईंना जरा धीर आला.

"वावर गेलं तं गेलं," त्या म्हणाल्या. "पिडा तं टळली. गेली ना वं ते? तुले दिसली ना जाताना?"

अंजना सासूच्या गुडघ्याकडे बघत होती. बंडी सपाट रस्त्यावर आली होती, चाकांना हिसका नव्हता. तरी तुळसाबाईंचा उजवा गुडघा हळूहळू हलत होता. डावा हात कोपरात वाकून छातीशी आला होता आणि उजव्या हाताचा तळवा मांडीवरच्या रिकाम्या जागेवर पुन्हा पुन्हा पडत होता, अलगद, थोपटल्यासारखा. हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. बंडीत ओव्याचा वास दाटला होता.

"अवं, बोल ना!" तुळसाबाई म्हणाल्या. "गेली ना?"

दौलतरावांनी कासरा ओढला. बैल थांबले. शालिग्राम मागं वळला. तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होते. अंजनाने डोक्यावरचा पदर मागं सारला आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"ते गेली, आत्याबाई. लेकरू तुमच्या मांडीवर देऊन गेली."