शेवटची दोन मिनिटं

"लिफ्ट बंद आहे. जिन्यानं जावं लागेल तुम्हाला."

तिनं डोळे घट्ट मिटले होते. ते तिनं उघडले नाहीत. "मला नाही जायचं लिफ्टनं."

"मग लिफ्टसमोर कशाला उभ्या आहात?"

"मॅच संपायची वाट बघतेय."

पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. "मॅच तर आत चाललीय. तिकीट नाही का?"

"आहे. बाबा बसलेत आत. मी शेवट बघितला की आपण हरतो, म्हणून बाहेर उभी राहते. आता जरा गप्प बसता का?"

ही तिची फार जुनी खोड. बास्केटबॉलची मॅच रंगात आली, शेवटची दोन मिनिटं उरली की तिला आत बसवत नसे. बाबांच्या शेजारची खुर्ची सोडून ती स्टेडियमच्या मागच्या व्हरांड्यात यायची, या कोपऱ्यातल्या लिफ्टसमोर डोळे मिटून उभी राहायची आणि आतल्या गर्दीच्या आवाजावरून काय झालं ते ओळखायची. तिला कुठलाच शेवट बघवत नसे. पुस्तक घेतलं तरी शेवटचं पान आधी वाचून, सगळं नीट होणार याची खात्री करूनच ती पहिलं पान उघडत असे.

तेवढ्यात आतून एक भलामोठा, लांबलचक उसासा आला.

"हरलो," ती पुटपुटली.

"छान!" तो म्हणाला.

आता मात्र तिचे डोळे खाडकन उघडले. समोर निळ्या डगल्यातला एक तरुण उभा होता. मनगटापर्यंत ग्रीस, कानामागे पेन्सिल... आणि डोळे हसरे, पण जरा बारीक केलेले.

"छान? कुठल्या संघाचे हो तुम्ही?"

"तुमच्याच. म्हणून तर म्हणतोय! यंदा तसंही आपलं काही खरं नाही. जो संघ तळाला, त्याला पुढच्या वर्षी नव्या पोरांमधून पहिली निवड, असा नियमच आहे. सगळं मोडायचं आणि पुन्हा नीट बांधायचं. दोन-तीन वर्षं कळ काढायची, बस."

"आणि आत्ता आत जे घाम गाळतायत, त्यांचं काय?"

"त्यांना टाळ्या वाजवू की."

"तुम्ही लिफ्टच दुरुस्त करा," ती फणकाऱ्यानं म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

घरी जाताना ती बाबांपाशी त्या आगाऊ लिफ्टवाल्याबद्दल इतकं बोलली, की बाबांनी एकदा तिच्याकडे तिरकं बघितलं.

पुढच्या मॅचला शेवटची दोन मिनिटं उरली, ती बाहेर आली, तर हा हजर. या वेळी हातात पाना नव्हता, शर्टाला इस्त्री होती. त्याची जागा सगळ्यात वरच्या रांगेत होती म्हणे.

"आज लिफ्ट चालू आहे," ती म्हणाली.

"तेच बघायला आलो. दुरुस्ती केली की लक्ष ठेवावं लागतं."

मग हे ठरूनच गेलं. आत मॅच धापा टाकायची आणि बाहेर या दोघांचा वाद. वादाचा विषय बहुतेक वेळा म्हातारा. म्हातारा म्हणजे संघाचा कप्तान. गडी पस्तिशीतलाच, पण गुडघ्याला पट्टा बांधून खेळायचा, म्हणून सगळं स्टेडियम त्याला लाडानं म्हातारा म्हणायचं.

"त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकावं," लिफ्टवाला म्हणे. "बदल्यात दोन तरणी पोरं मिळतील. उंटाच्या जोडीला बरी." उंट म्हणजे संघातला नवा, ताडमाड वाढलेला पोरगा.

"उंटाला पास कुणाकडे द्यायचा ते अजून कळत नाही! त्याला शिकवणार कोण? आणि देऊन टाकावं म्हणजे? माणूस आहे तो, घरातलं जुनं कपाट नाही."

"तुम्ही फार जीव लावता."

"आणि तुम्ही?"

"मी... मी पुढचं बघतो," तो म्हणाला आणि उगाचच लिफ्टचं बटण दाबलं.

पुढचं बघतो म्हणणाऱ्याला वरच्या रांगेतून गुणफलकावरचे आकडे मात्र दिसत नव्हते. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, तिच्या नजरेतून हे कसं सुटेल? तिनं त्याला दुकानात बोलावलं आणि तो त्याच आठवड्यात आला. मागच्या अंधाऱ्या खोलीत त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून ती एकेक काच बदलू लागली.

"हे बरं की हे?"

"आधीचं... नाही, परत दाखवा."

"तिसऱ्यांदा दाखवतेय."

"घाई आहे का तुम्हाला?"

बॅटरी घेऊन ती वाकली. रोज कितीतरी डोळ्यांत ती अशीच बघायची, पण आज बघतच राहिली. त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता.

"काही दिसतंय का... डोळ्यात?" त्यानं हळूच विचारलं.

"दिसतंय."

"काय?"

"नंबर," ती म्हणाली, आणि अंधार होता म्हणून बरं, नाहीतर तिचे लाल झालेले कान त्याला चष्म्याशिवायही दिसले असते.

तो चष्मा न्यायला आला, नेमकी त्याच संध्याकाळी बातमी फुटली होती. म्हाताऱ्याला खरोखरच दुसऱ्या संघाला देऊन टाकलं होतं. ती काउंटरमागे रडवेल्या चेहऱ्यानं बसली होती.

"झालं ना तुमच्या मनासारखं?"

तो हसला नाही. चष्म्याच्या डबीचं झाकण नुसतं उघडमीट करत राहिला. "मलाही पाठवतायत," तो म्हणाला. "कंपनी दूरच्या शहरात नवी शाखा काढतेय. बढती आहे. तीन वर्षं तिकडेच. रविवारी आपली यंदाची शेवटची मॅच ना, दुसऱ्या दिवशी साहेबांना हो की नाही ते सांगायचंय." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?"

जाऊ नका, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी थांबवलं आणि तरी हा गेला तर? थांबला आणि पुढे पस्तावला तर? शेवटचं पान आधी वाचायची सोय इथे नव्हती. म्हणून तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"जावं की. पुढचं बघायला नको? तुमचंच म्हणणं आहे ना?"

त्यानं नवा चष्मा चढवला, तिच्याकडे एकदा नीट बघितलं. "हो," तो म्हणाला. "माझंच म्हणणं." आणि गेला.

नंतरचे दिवस तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. तिनं एका आजींना भलत्याच आजोबांचा चष्मा दिला. चहात दोनदा साखर घातली. फोन हातात घ्यायचा, ठेवून द्यायचा... बाबा सगळं बघत होते.

रविवारची मॅच नेमकी म्हाताऱ्याच्या नव्या संघाशी होती. परक्या रंगाच्या बनियनमध्ये तो मैदानात आला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. तिनं मागे वळून वरच्या रांगेकडे पाहिलं. तो होता. चष्मा काढून डोळे पुसत होता.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची दोन मिनिटं उरली, गुण बरोबरीत होते, आणि ती जागची हलली नाही.

"आज बाहेर नाही का जायचं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

आज ती बाहेर गेली असती तर लिफ्टपाशी तो भेटला असता, आणि "जातोय" म्हणाला असता. ते ऐकण्यापेक्षा मॅच बघणं परवडलं. तिनं खुर्चीचा दांडा गच्च धरला. उंटानं चेंडू घेतला, म्हातारा त्याला आडवा आला... तिनं पुन्हा मागे बघितलं. वरची खुर्ची रिकामी होती.

"गेला तो मघाशीच," बाबा मैदानावरची नजर न काढता म्हणाले. "तुमच्या त्या लिफ्टपाशी उभा असेल."

"कोण?"

"मला चष्मा तूच करून दिलायस ग. चांगलं दिसतं त्यातून." मग ते तिच्याकडे वळले. "इथला शेवट मी बघतो. तिथला तुलाच बघावा लागेल. पळ."

ती पळाली. कुणाचे पाय तुडवले, कुणाचं सरबत सांडलं, तिला काहीच कळलं नाही.

लिफ्टच्या दाराकडे तोंड करून तो उभा होता. डोळे घट्ट मिटलेले, चष्मा हातात, आणि ओठ हलत होते. "जिंका रे... आज तरी जिंका..."

"तुम्ही?" तिला धाप लागली होती. "तुम्ही जिंका म्हणताय?"

तो दचकला. "तुम्ही आला नाहीत. म्हटलं, निदान जिंकलो तर हसत बाहेर पडाल, मग परत एकदा विचारून बघता येईल..."

आत गोंगाट वाढत चालला होता. डोळे मिटून घ्यावेत असं फार फार वाटलं. तिनं मिटले नाहीत.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "जावं की, म्हणाले ना मी, ते साफ खोटं होतं. मला भीती वाटत होती. अजून वाटतेय. पण तू मला इथे हवा आहेस."

त्यानं घाईघाईनं चष्मा चढवला. "परत म्हण."

"दुसऱ्यांदा म्हणायला लावतोयस."

"घाई आहे का तुला?"

"आहे! उद्या साहेबांना सांगायचंय ना तुला?"

"नाही म्हणून सांगतो. मला जायचं नव्हतंच ग. म्हाताऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, थांबतोस का म्हणून. मला वाटलं... मला तरी कुणी विचारेल."

तिनं त्याचा हात धरला. नखांतलं ग्रीस इस्त्रीच्या शर्टाबरोबरही तसंच होतं. आत एकदम मोठा आवाज झाला. आनंदाचा की दुःखाचा, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच ओळखता आलं नाही.

बाबा धडपडत बाहेर आले. "एका गुणानं गेली! उंटानं टाकलेला चेंडू रिंगवर नाचला आणि बाहेर! तळाला आपणच!"

"छान!" ती म्हणाली.

"छान काय त्यात?" तो कळवळून ओरडला. "एवढी हातातली मॅच..."