लडकूशेठचं आखूड ऑलिम्पिक

"फाडूनच टाकते हा कागद!"

पूर्वीनं भिंतीवरची निवडीची यादी ओरबाडायला घेतली, तेवढ्यात सबीहानं तिचा हात धरला. "अगं थांब! फाडून तुझं नाव येणारेय का त्यात?"

२००८ चा मे महिना. बीजिंगचं ऑलिम्पिक तीन महिन्यांवर आलं होतं, म्हणून भिवंडीतल्या नवतेज क्रीडा मंडळाच्या लडकूशेठनी सुट्टीत 'बाल ऑलिम्पिक' भरवलं होतं. चारशे मीटरला जिल्हा स्पर्धेसाठी चार मुली निवडायच्या होत्या. शाळेच्या मुली शाळेच्या मैदानावर धावल्या, मंडळाच्या मंडळाच्या मैदानावर, आणि सगळ्यांच्या वेळा एकत्र लावल्या. चारही नावं मंडळाची! पहिली क्षितिजा, साठ सेकंद. राहनाळच्या शाळेची पूर्वी चौसष्ट सेकंद, पाचवी. म्हणजे बस घरी.

"क्षितिजा आणि साठ?" पूर्वीचं डोकं तडकलं. "तीन वर्षं दर शर्यतीत माझ्या पंधरा पावलं मागे असते ती! आठ दिवसांत काय घोडा खाल्ला तिनं?"

सबीहाचा भाऊ अफजल ऑलिम्पिकची कात्रणं वहीत चिकटवायचा. त्याला विचारा, न विचारा, तो सांगणारच. "१९३२, लॉस एंजेलिस! स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, पंचांचा फेऱ्या मोजण्यात घोळ झाला. बिचारे एक फेरी जास्त पळाले आणि त्यात दुसरा होता तो तिसरा झाला!"

"तुझी वही घाल चुलीत! माझं काय?"

"तेच सांगतोय ना! पंच ऑलिम्पिकातही चुकतात. क्षितिजाकडे कशाला बघतेस? मैदान बघ!"

तिघं धावत मंडळाच्या मैदानावर गेली. एका वळणावर मंडळाच्या सुट्टीतल्या शिबिराचा मंडप उभा होता, थेट धावपट्टीत घुसलेला. चुन्याची रेघ खांबांना वळसा घालून आत वळली होती, दुखणाऱ्या पोटासारखी आक्रसून.

"मोजू या!" पूर्वी ओरडली.

"काय मोजायचं न्हाय!" रखवालदार चिंधू काठी आपटत आला. "शेठनी आखलंय. चारशेच हाय!"

मंडपात लडकूशेठ पंख्याखाली सरबत पीत बसले होते. पूर्वीनं सगळं सांगितलं. ते हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं! पोरी, हरायला शीक जरा."

पूर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. रडू नव्हतं ते, संताप होता. अंगण खरंच वाकडं होतं आणि वाकडं करणाराच तिला म्हण ऐकवत होता!

"उद्या समारोप आहे," सबीहा बाहेर येऊन म्हणाली. "पाहुणे यादीवर सही करणार. एकदा सही झाली की संपलं. मोजायचं तर त्याच्या आत, आणि सगळ्यांसमोर."

"चिंधू मोजू देईल?"

"देईल काय! मदत करेल," सबीहा म्हणाली आणि तडक अब्बांच्या लूमवर, कापडाच्या कारखान्यात गेली.

अब्बांनी, नूर मोहम्मदनी, चार तागे काढून दिले. "हर तागा सौ मीटर. एक घडी म्हणजे एक मीटर. मळवू नका हां! पाव मीटर कमी भरला तरी व्यापारी तोंडावर फेकतो."

पूर्वी आणखीच भडकली. कापड पाव मीटर कमी भरलं तर या गावात बोंबाबोंब होते. आणि पोरांचं मैदान? त्याला कुणी विचारणारा नाही!

सकाळी सबीहा लडकूशेठसमोर गोड हसली. "शेठ, पाहुण्यांच्या स्वागताला धावपट्टीच्या आतल्या रेघेवर पांढरं कापड अंथरू?"

"वा! अगदी ऑलिम्पिक वाटेल! ए चिंध्या, पोरांना हात लाव!"

आणि चिंधूनंच कापड ओढून दगड ठेवले! पाहुणे म्हणजे केसरीनाथ सर. ब्याऐंशीच्या दिल्ली एशियाडला रिलेचे राखीव धावपटू होते ते. त्यांच्या डोळ्यांदेखत पहिला तागा संपला, दुसरा, तिसरा. चौथा उलगडता उलगडता कापडाचं टोक सुरुवातीच्या रेघेला टेकलं. हातात गठ्ठा उरलाच!

"सर, घड्या मोजा!" पूर्वी कडाडली.

सगळं मैदान मोजू लागलं. "अडतीस... एकोणचाळीस... चाळीस!"

"म्हणजे पट्टी तीनशे साठची," केसरीनाथ सर सावकाश म्हणाले.

लडकूशेठना घाम फुटला. "मंडपवाल्यानं खांब ठोकले, म्हणून रेघ जराशी आत घेतली! चाळीस मीटरचं काय एवढं? पोरांचा खेळ!"

"पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं," सर गरजले. "आणि तुम्ही पोरींच्या पायांखालून चाळीस मीटर काढून घेता?"

क्षितिजा पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मला परत धावायचंय. असले साठ सेकंद नकोत मला."

शाळेच्या मैदानावर त्याच सकाळी दोन्हीकडच्या मिळून आठही मुली पुन्हा धावल्या. पूर्वी पहिली, चौसष्ट. क्षितिजा दुसरी, सदुसष्ट. धापा टाकत दोघींनी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकले.

"शाबास, पोरांनो!" सरांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "आमच्या वेळीही असे घोळ व्हायचे, आम्ही गप्प बसलो. तुम्ही नाही बसलात."

टाळ्या पडल्या. पूर्वी हसली नाही.

"सर, शाबासकी नंतर. मुलांच्या शर्यतीही त्याच पट्टीवर झाल्यात. आठशे, पंधराशे, सगळ्या. त्या पोरांचं काय?"

सरांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"लडकूशेठ, सगळ्या याद्या आणा. आत्ता!"