मामा, तुम्ही कधी आलात?

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जिच्यासमोर हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. थापा मारणं तिला जमतच नाही. उलट भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची ती तोंडावर टर उडवायची.

आता उडवत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. टळटळीत दुपार होती.

ताईचे वडील ट्रक मेकॅनिक. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. त्या दिवसांत जॅक सटकून त्यांचा पाय मोडला होता. मांडीपर्यंत प्लास्टर. पडून पडून माणूस नुसता चिडचिडा झालेला. त्यांचं सगळं बघायला ताई माहेरी आली होती. तिचा नवरा ट्रक चालवतो. तो माल घेऊन बाहेर गेला होता.

जेवणं उरकली आणि त्याचा फोन आला.

"मामांना दे."

ताईनं फोन स्पीकरवर टाकला आणि बाबांच्या उशाशी ठेवला.

"मामा, बंद पडलेल्या दगडखाणीजवळ अडकलोय. सेल्फ मारून मारून हात दुखला. कसाबसा सुरू होतो, जरा फुरफुरतो आणि मान टाकतो."

"डिझेल आहे ना जावईबापू?"

"अर्धी टाकी आहे."

"मग लाइनीत हवा शिरलीय. आता सेल्फ मारू नका, बॅटरी बसेल. फिल्टरवरचा बोल्ट थोडा ढिला करा आणि हातपंप मारा. काय बाहेर येतंय, सांगा मला."

बाबांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तरतरी आली होती. ताईला हसू आलं. पेशंट बरा करायला ट्रक बिघडावा लागतो, असं ती मनात म्हणाली.

फोन बंपरवर ठेवल्याचा आवाज. मग पंपाची चक् चक्.

"फेस येतोय मामा!"

"येऊ द्या. नितळ डिझेल आलं की बोल्ट आवळा."

बोल्ट आवळला. इंजिन गुरगुरलं, धरलं... आणि पुन्हा बंद.

बाबा डोळे मिटून विचार करू लागले.

तिकडे रस्त्यावर पाखरं किलबिलत होती. फोनमधून स्पष्ट ऐकू येत होती.

ती एकदम थांबली.

मग खडीवर पावलं वाजली. सावकाश. चप्पल घासत कुणीतरी खाणीच्या बाजूनं येत होतं...

"अरे वा!" नवऱ्याचा आवाज आला. "मामा, तुम्ही कधी आलात?"

ताईला वाटलं, गंमत करतोय.

आणि मग उत्तर आलं.

"मी असताना तू कशाला घाबरतोस रे?"

आवाज बाबांचा होता.

तीच घोगरी धार. तोच शेवटी येणारा बारीकसा खोकला.

ताईनं बाबांकडे बघितलं. त्यांचे ओठ मिटलेले होते.

बाबांनी जावयाला आयुष्यात कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"जावईबापू!" बाबा ओरडले. "तो मी नाही! मी इथं खाटेवर आहे!"

"अहो, ऐका ना!" ताईही किंचाळली. "त्याच्याशी बोलू नका! गाडी सोडा आणि पळा!"

तिकडचा आवाज शांतपणे म्हणाला, "फोनवर कोण ओरडतंय रे?"

"कोणी नाही मामा. नुसती खरखर आहे."

ताईनं फोन उचलून हातात घेतला.

तिनं फोन कापून पुन्हा लावायचा विचार केला, पण बाबांनी तिचा हात धरला. फोन कापला, तर उरलेला धागाही तुटेल... म्हणून दोघं नुसती ऐकत राहिली. दुसरं हातात होतंच काय? बाबांच्या जुन्या फोनवरून तिनं ट्रकमालकाला सांगितलं. तो म्हणाला, तिकडं पोचायलाच संध्याकाळ होईल.

बाबा पुटपुटले, "टाकीकडून येणाऱ्या पाइपाला..."

"टाकीकडून येणाऱ्या पाइपाला चीर असेल," फोनमधला आवाज म्हणाला. "तिथूनच हवा ओढतोय. तेवढा तुकडा काप आणि पाइप पुन्हा घट्ट बसव."

बाबांच्या मनात जे जे यायचं, ते ते तिकडून ऐकू यायचं. शेवटी त्यांनी विचार करणंच थांबवायचा प्रयत्न केला. घट्ट डोळे मिटून पडून राहिले. पण एवढं आयुष्य ज्यात घालवलं, ते डोक्यातून काढणार कसं?

तिकडे सेल्फ लागला.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. न अडखळता. इतकं सुरेल चालणारं इंजिन मी कधी ऐकलं नव्हतं, असं बाबा नंतर म्हणाले.

"चल, मीही बसतो."

एक दार लागलं.

मग... दुसरं.

बाबा खाटेवरून उठायला गेले आणि प्लास्टरसकट धाडकन जमिनीवर पडले. फोन तिकडे बंपरवरून रस्त्यावर आपटला. ट्रकचा आवाज लांब लांब गेला.

थोड्या वेळानं पाखरं पुन्हा बोलायला लागली.

ती दुपार ताईनं कशी काढली, ते तिलाच माहीत. मालकाच्या माणसांना तिथं फोन सापडला, ट्रक नाही.

दिवेलागणीला दारात हॉर्न वाजला. नवरा हसत उतरला. अंगावर साधा ओरखडा नाही.

"मामा पोचले का गं?"

मग त्याची नजर आत गेली. खाटेवर बाबा. पायाला प्लास्टर. त्याचं हसू विरलं.

"प्लास्टर... माझ्या लक्षातच कसं आलं नाही?"

"तो कुठं उतरला?" बाबांनी विचारलं.

"आपल्याच चौकात. म्हणाला, तू हो पुढे... मी येतो मागून."

त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

प्लास्टर निघालं. बाबा पुन्हा गॅरेजवर जायला लागले. बाबा अजून लंगडत होते, म्हणून ताई राहिलीच होती.

एका दुपारी ती भांडी घासत होती. बाहेरून बाबांची हाक आली. "दार उघड गं. आज लवकर सुटलो."

ती हात पुसत उठली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"उघडू नकोस. मी केव्हाच आलोय."

ताई दोन्ही आवाजांच्या मध्ये उभी होती. बाहेरून कडी वाजत होती. आतून तो बारीकसा खोकला येत होता. कुणाचं ऐकायचं?

तिनं दार उघडलं. बाहेर बाबा उभे होते, घामाघूम, हाताला ग्रीस. आतल्या खोलीत जाऊन बघितलं, तर कुणी नव्हतं.

"मग बरोबरच केलंस की," ताईनं हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो.



"आतले बाबा कुठं गेले मग?" ताई हळूच म्हणाली. "मला एवढंच कळत नाही रे... मी आत कुणाला घेतलं, आणि बाहेर कुणाला घालवलं."