दुपारची मोजणी

निवृत्तीनंतर आमच्या मामाला वंशावळीचं वेड लागलं, तिथून हे सगळं सुरू झालं. मामा म्हणजे माझ्या आजीच्या थोरल्या भावाचा मुलगा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची त्याला पहिल्यापासून हौस. सात पिढ्यांची नावं गोळा केली, तारखा जुळवल्या, आणि पलंगपोसाएवढा कागद घेऊन तो एका रविवारी आमच्याकडे आला. आमच्याकडे म्हणजे मी आणि आजी, दोघीच. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत.

आजीनं चष्मा लावला. शहाऐंशीव्या वर्षी नजर अधू झालीय, पण बोटं अजून हुशार आहेत. वडिलांच्या चौकटीतून निघालेल्या रेघांवरून तिनं नख फिरवलं. थोरला भाऊ, धाकटा भाऊ. मग नख थांबलं.

"ही माझी रेघ तुटक का रे?"

मामा खाकरला. "कच्चा खर्डा आहे, आत्या. कागद मिळाला की जोडू."

"कसला कागद?"

"आजोबांना... रजा मिळाली होती, असा."

 आजीनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि चहा ठेवायला आत गेली. चहात साखर घालायला विसरली. तशी ती कधी विसरत नाही.

तुम्हाला सांगायला हवं. माझे पणजोबा युद्धावर गेले तेव्हा त्यांचे मुलगे सहा आणि चार वर्षांचे होते. त्यानंतर अडीच वर्षांनी, डिसेंबरात, आजी जन्मली. पणजीनं मरेपर्यंत एकच गोष्ट सांगितली. मार्चच्या एकोणीस तारखेला, दुपारी, मुलं शाळेत असताना ते घरी आले होते. पाणी मागितलं. तीन पेले प्यायले. दिवेलागणीच्या आत निघून गेले. दुसऱ्या कोणीच त्यांना पाहिलं नाही, आणि युद्धावरून ते परतलेही नाहीत. लोक म्हणायचं ते म्हणाले. लोकांच्या तोंडाला कोण झाकण लावणार? पण आजीच्या लग्नात तिचे सख्खे भाऊ पाहुण्यांसारखे कोपऱ्यात उभे होते, ते तिनं जन्मभर गिळलंय.

त्या रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "मी जायच्या आत तेवढा एक कागद आण ग. माझ्यासाठी नको. माझ्या आईसाठी आण."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजायच्या. जे दिसतं तेच लिहायचं, हा माझा धंदा. दोन दिवसांची रजा टाकली, शेजारच्या काकूंना आजीकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि रात्रभराच्या गाडीनं लष्कराच्या अभिलेखागारात जाऊन पोचले.

वाचनकक्ष लांबट होता. छत उंच, टेबलं हिरव्या कापडाची. पिशवी, मोबाईल, पेन सगळं बाहेरच्या कपाटात. आत फक्त पेन्सिल. रजिस्टरमध्ये नाव, सही आणि घरचा फोन नंबर. मला अकरा नंबरचं टेबल मिळालं. तिथले कारकून पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेले. आवाज इतका खालचा, की फाईली झोपल्यात आणि त्यांना उठवायचं नाही असं वाटावं. कक्षात आणखी कोणी नव्हतं. जुन्या कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास तेवढा होता.

पणजोबांचं सेवापत्रक एका पानात संपलं. भरती. प्रशिक्षण. बोट. आघाडी. मग शत्रूच्या हाती सापडले, समुद्रापलीकडच्या कैद्यांच्या छावणीत. ती तारीख आजीच्या जन्माच्या पावणेदोन वर्षं आधीची. रजेच्या रकान्यात वरून खालपर्यंत एक सरळ उभी रेघ.

मी ते पान किती वेळ बघत बसले कोण जाणे. आजीला काय सांगायचं, हा एकच विचार डोक्यात. खोटं बोलावं? मामाला गप्प करता येईल. पण आजी माझा चेहरा वाचते.

"काम झालं?" कारकून शेजारी येऊन उभे होते.

"नको ते झालं," मी म्हटलं.

त्यांनी पान वाचलं. "कैदेत होते ना? मग छावणीच्या मोजणीच्या वह्या बघून जा. युद्धानंतर आपल्याकडे आल्यात, शेजारी भाषांतरही लावलंय. इतक्या लांबून आलात."

वही जाड होती, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. छावणीत रोज तीन वेळा माणसं मोजत. सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक कैद्याला क्रमांक. पणजोबा एकशे चाळीस. मी माझ्या सवयीनं रकाना धरून खाली उतरत गेले. हजर, हजर, हजर. दिवसामागून दिवस. आजी जन्मली त्या सालचा मार्च आला. सतरा, हजर. अठरा, हजर.

एकोणीस मार्च, सकाळ: हजर.

दुपार: एकशे चाळीस गैरहजर.

शेजारी पहारेकऱ्याचा शेरा होता. भाषांतर मी पेन्सिलनं उतरवून घेतलं, ते अजून माझ्याकडे आहे. 'सर्व फाटके बंद. कुंपण शाबूत. बर्फावर पाऊल उमटलेले नाही. संध्याकाळच्या मोजणीस कैदी आपल्या खाटेवर हजर. मान व हात उन्हाने ताजे भाजलेले. कोठे होतास, या प्रश्नास एकच उत्तर: घरी जाऊन पाणी पिऊन आलो. सात दिवस अंधारकोठडी.'

 आजीचा कागद मिळाला होता. आनंद व्हायला हवा होता. पण... समुद्रापलीकडून? एका दुपारीत?

कारकुनांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. त्यांनी पुढची पानं उलटली. मग हलकेच म्हणाले, "पुढं... बघितलंत?"

पुढं जुलै होता. सव्वीस तारीख. दुपार: एकशे चाळीस गैरहजर. संध्याकाळ: गैरहजर. दुसऱ्या दिवशी गैरहजर. तिसऱ्या दिवशीही. छावणी बंद होईपर्यंत, दिवसातून तीन वेळा, तेच.

"पळाले असतील," मी म्हटलं.

"फाटकं बंद होती म्हणून लिहिलंय की इथंही." त्यांनी बोट ठेवलं. "मृत्यूची नोंद नाही. सुटकेचीही नाही. हा माणूस कागदावर कुठंच संपत नाही."

"मला या दोन्ही पानांची झेरॉक्स मिळेल?"

"साहेबांची सही लागेल. बसा तुम्ही." ते गेले. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी बसले. आजी आता जेवून खिडकीशी बसली असेल, फोनकडे बघत, असं मनात आलं. वाटलं, आत्ता, या क्षणी तिच्यासमोर जाऊन उभं राहावं आणि सांगावं, तुझी आई खरं बोलत होती. घसा कोरडा पडला होता. मी क्षणभर डोळे मिटले. डांबरगोळ्यांचा वास गेला. कुठून तरी आमच्या जिन्यातल्या फिनाइलचा वास आला...

"मॅडम."

मी डोळे उघडले. कारकून टेबलाच्या पलीकडे उभे होते, झेरॉक्सचे कागद छातीशी धरून. जवळ येत नव्हते.

"कुठं गेला होतात?"

"कुठं नाही. इथंच... डोळा लागला जरा."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं. चार वाजून वीस मिनिटं.

"मी चार वेळा येऊन गेलो," ते म्हणाले. "खुर्ची रिकामी होती. दारावरचा शिपाई म्हणतो, कोणी बाहेर गेलं नाही." मग आणखी खालच्या आवाजात, "आणि तुमचे खांदे... ओले कसे?"

खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

परतीच्या गाडीत मी झोपले नाही. झोपायची भीती वाटत होती. सकाळी घरी पोचले तर शेजारच्या काकू जिन्यातच भेटल्या, कमरेवर हात ठेवून.

"काय ग, काल दुपारी एवढ्या पावसात आलीस, मी हाक मारली तर ओळखही नाही? आणि लगेच परत कुठं गेलीस?"

मी काहीतरी पुटपुटले. घरात आजी खिडकीशी बसली होती. मला बघून हसली. "आलीस? काल नुसती पाणी पिऊन गेलीस. तीन पेले. मी विचारलं, मिळाला का कागद, तर मान हलवलीस. तेवढ्यानं मला कळलं हो. पण बोलली का नाहीस?"

मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या. पहिली ऐकताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. दुसरी ऐकली आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"म्हणजे ते दुसऱ्यांदाही निघाले होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि आईकडे तर एकदाच पोचले."

  आजी माझ्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिली, लहानपणी ताप बघायची तसा.

"निघालेला माणूस पोचतोच असं नाही, बाळ. तू पुन्हा निघू नकोस. दुपारी लांब असलीस तर माझी आठवण काढू नकोस. एवढं ऐक."

मामा त्याच आठवड्यात आला. त्यानं शेरा तीनदा वाचला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "सरकारी शिक्का आहे. शिक्क्यापुढं मी काय बोलणार?" खिशातून पेन काढलं आणि तिथल्या तिथं रेघ सरळ केली. मग वाकून आत्याच्या पायाला हात लावला. तो तिच्या पाया पडलेला मी पहिल्यांदाच बघितला. वंशावळ छापून झाली. पणजोबांच्या नावाखाली मृत्यूच्या जागी काय घालायचं ते मामाला सुचलं नाही. त्यानं ती जागा कोरी ठेवली.

मी माझ्यापुरते नियम केले. दुपारी एकटी बसत नाही. लॅबमध्ये जेवायच्या सुट्टीत सगळ्यांच्या गराड्यात बसते, आपणहून वायफळ विनोद करते. मैत्रिणी म्हणतात, हल्ली फार बोलकी झालीस. महिनाभर काही झालं नाही. आजी टवटवीत झाली होती. मीही मनाला समजावलं, रात्रभराचा प्रवास, उपाशी पोट, ग्लानी आली असेल. खांदे का ओले होते, तेवढं सोडून सगळं समजावता आलं.

मग तो फोन आला.

माझा सुट्टीचा दिवस होता. पाच वाजायला दहा मिनिटं कमी. आजी आत झोपली होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. घरचा फोन वाजला.

"अभिलेखागारातून बोलतोय," तोच खालचा आवाज. "रजिस्टरमध्ये हा घरचा नंबर आहे म्हणून लावला. मागं छावणीची वही बघायला एक मॅडम आल्या होत्या, तुमच्याकडच्याच ना?"

"हो, पण..."

"त्या आत्ता इथं बसल्यात. अकरा नंबरला. आल्या कधी ते कळलं नाही, सही नाही. मी दुपारपासून बोलतोय, उत्तर देत नाहीत. मला आता कक्ष बंद करायचाय. तब्येत बरी दिसत नाही... घरचं कोणी येईल का न्यायला?"

माझ्या हातात आजीचं लुगडं होतं. ते खाली पडलं.

"साहेब," मी म्हटलं, "ती मीच आहे. मी बोलतेय."

 पलीकडे त्यांच्या मागचं घड्याळ मला ऐकू आलं. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते सांगते, हसू नका. त्या दिवशी त्या खुर्चीतून उठून, गाडी पकडून जी घरी आली, ती कोण होती?

"मॅडम..." कारकुनांचा श्वास फोनवर आदळत होता. "त्या... त्या उठल्या."

फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज मी ऐकला.

"दाराकडे चालल्यात. माझ्या समोरून..."

"विचारा," मी म्हटलं. "कुठं चाललीस, विचारा."

त्यांनी विचारलं. फोनच्या त्या टोकाला, लांबून, एका बाईचा आवाज आला. दोनच शब्द. मला ते नीट ऐकू आले, तरी त्यांनी ते मला पुन्हा सांगितले.

"म्हणाल्या... घरी जाते."

त्याला आज एकोणतीस दिवस झाले. ती अजून पोचलेली नाही.