सहावं मिनिट

लँकेस्टरला कालव्याकाठच्या चहाच्या दुकानात एकच खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यासमोर एक तरुण स्कोनच्या गोडसर पावाला लोणी लावत बसला होता. त्याच्या बोटांना हिरवा रंग लागलेला. टॅम्सिननं धीर केला.

"पाच मिनिटं बोलाल माझ्याशी? कॉलेजचा अभ्यास आहे. तुमचं बोलणं रेकॉर्ड करायचं, आणि त्यातली नामं, क्रियापदं, विशेषणं शोधायची."

"माझ्या बोलण्यात विशेषणं?" तो हसला. "मी होड्या रंगवतो, मिस. माझे रंग डब्यातच असतात."

गॅरेथ त्याचं नाव. संमतीच्या कागदावर त्यानं सही केली – पाच मिनिटांपुरती. आणि मग होड्यांबद्दल असा बोलला, की ती ऐकतच राहिली...

संध्याकाळी ती रेकॉर्डिंग ऐकत, एकेक शब्द लिहून त्याखाली खुणा करू लागली. नाम. क्रियापद. विशेषणं मोजकीच, पण काय एकेक! 'थकलेला निळा', 'हट्टी गंज'... पुस्तकात शिकलेलं सारं या माणसाच्या तोंडी जिवंत होतं!

पाच मिनिटं संपली. आवाज मात्र थांबेना. दुकानात चहा आणायला उठताना ती यंत्र बंद करायलाच विसरली होती.

"मिसेस प्लॅट, ही नेहमी येते का हो?" गॅरेथचा दबका आवाज.

"दर मंगळवारी. का रे, राजा?" दुकानवाल्या बाईंचं हसू.

"काही नाही... ऐकताना तिची मान कलते. माझं असं कुणी ऐकलं नाही कधी."

टॅम्सिनचं पेन थांबलं. संमतीबाहेरचं पुसून टाकायचं, हा नियम. पुसलं, तर हे तिच्यापाशीच राहणार. सांगितलं, तर कदाचित तो पुन्हा इथे फिरकणारही नाही...

मंगळवारी तिनं यंत्र त्याच्यासमोर ठेवलं.

"चुकून सहावं मिनिटही भरलं गेलं. मी ऐकलं. पुसू?"

त्याचे कान लाल झाले. लोणी लावून झालेल्या स्कोनला तो पुन्हा लोणी लावू लागला.

"त्यात विशेषणं किती निघाली?"

"एकही नाही," ती हळूच म्हणाली. "गरजच पडली नाही."

गॅरेथनं वर पाहिलं. मग तिच्याच कागदांतला संमतीचा एक कोरा कागद तिच्याकडे सरकवला.

"आता सही तुमची. मला तुमचं ऐकायचंय."

तिनं सही केली. 'किती मिनिटं' या रकान्याशी पेन जरा घुटमळलं... आणि तो रकाना तिनं कोराच ठेवला.