माशाच्या बाळंतपणाची मुदतवाढ

साप समजून राजश्रीने ज्याच्यावर दुधाचं पातेलं पालथं घातलं, तो निघाला मासा.

रविवारची दुपार होती. सानपाड्याची ती चार मजली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली, पंधरा मार्चपर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. आई सामानाच्या पहिल्या टेम्पोबरोबर तळवलीच्या भाड्याच्या घरी निघून गेली होती आणि उरलेली भांडी राजश्री एकटीच जुन्या पेपरात गुंडाळत बसली होती. वारा यावा म्हणून दार उघडं होतं, लादी नुकतीच पुसलेली होती. आणि त्या ओल्या लादीवरून काहीतरी काळं, वळवळतं, थेट तिच्या दिशेने यायला लागलं.

किंचाळायचंही त्राण नव्हतं हो तिच्यात! वय तेहतीस, पावणे एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात लॅब केमिस्ट, मार्च एंडचं ऑडिट डोक्यावर, आणि घरी आलं की हे खोकी भरणं. माणसाने दमावं तरी किती? तिने हातातलं पातेलं त्या प्राण्यावर पालथं घातलं, वर खलबत्ता ठेवला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

"माझा मासा... इकडे आला का?"

दारात समोरच्या चौदा नंबरचा प्रितम उभा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात जाळी, चेहरा पांढराफटक.

"मासा नाही बघितला," राजश्री म्हणाली. "मी साप कोंडलाय."

"डोकं सापासारखंच आहे त्याचं. पण स्वभावाने मासा आहे."

तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं देव जाणे, गालसुद्धा दुखले.

मासा मरळीच्या जातीतला होता, पण वीतभरच. हवेतही श्वास घेता येतो त्याला, म्हणून तर एवढा प्रवास करून जिवंत राहिला. प्रितम पाणी बदलत होता, तेवढ्यात बेल वाजली, झाकण उघडं राहिलं आणि स्वारी उडी मारून पॅसेजमध्ये. हे सगळं सांगत त्याने मासा तिच्याच पातेल्यात घेतला आणि धावतच गेला. पातेलं आणायला म्हणून राजश्री मागे गेली... आणि तिथेच बसली.

दोन वर्षं समोरासमोर राहत होते. दोन वर्षांत बोलणं काय, तर 'कचरेवाला येऊन गेला का?' आणि 'हो, आत्ताच.' त्याच्या घरात असली टाकी आहे, याचा तिला पत्ताच नव्हता. तळाशी सुकी पानं, पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी, आणि त्यात तो मासा. पंखांना निळी झाक, कडेला नारिंगी किनार. कोपऱ्यात त्याची मादी.

"पाणी बदला की! किती काळं झालंय," केमिस्टबाई म्हणाल्या.

"मुद्दाम आहे ते. बदामाची पानं टाकलीत, आपल्या गेटपाशी पडतात ती. यांना असंच आवडतं."

"नाव काय याचं?"

"फौजदार. दिवसभर गस्त घालतो आणि काम काही करत नाही."

फौजदार काचेपाशी आला आणि तिच्याकडे एकटक बघत राहिला. तीही बघत राहिली. महिन्याभरात काहीही न करता घालवलेली ती पहिली दहा मिनिटं होती. निघताना पातेलं तिथेच राहिलं. मग ते आणायला सोमवारी जावं लागलं. मंगळवारी कशाला गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

प्रितम नेरुळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. सकाळी सहाची शिफ्ट, अडीचला घरी. पण राजीनामा दिला होता त्याने. घर रिकामं झालं की गावी, देवरुखला. भावाची रोपवाटिका होती, तिथे हाताखाली माणूस हवा होता.

"का पण?" राजश्रीने विचारलं.

"दमलो. दिवसभर लोकांना सांगायचं, श्वास रोखा... आता सोडा. एक दिवस लक्षात आलं, माझाच रोखलेला आहे."

तिला कळलं होतं ना! चार वर्षं एकाची वाट बघून झाली होती तिची. तो दुसरीकडे बोहल्यावर चढला, त्यालाही दोन वर्षं झाली. दुःख सरलं होतं, थकवा मात्र अंगात मुरला होता. पुन्हा कुणाला तरी पहिल्यापासून सांगायचं – चहा आवडतो, गर्दी आवडत नाही, बाबा कसे गेले... नको रे बाबा! पण या माणसाशेजारी काही सांगावंच लागत नव्हतं. तो माशाकडे बघायचा, ती माशाकडे बघायची, आणि संध्याकाळ सरायची. हा जाऊ नये असं तिला फार वाटायला लागलं. म्हणायची मात्र हिंमत नव्हती.

बारा तारखेला ती घाबरीघुबरी होऊन आली.

"अहो, तुमचा फौजदार आजारी आहे. काल कोलंबी टाकली, ढुंकून बघितलं नाही. जबडा सुजलाय बघा केवढा! दाढ दुखते का माशांची?"

प्रितमने टॉर्च मारला, आणि चेहरा उजळला त्याचा. "आजारी नाही. बाळंतीण आहे तो."

"तो?"

"यांच्यात नरच अंडी तोंडात धरतो. आता दहा-बारा दिवस अन्नाचा कण नाही. पिल्लं पोहायला लागली की मगच तोंड उघडणार." मग त्याने टॉर्च विझवला. "पण टाकी हलवली, हा घाबरला, तर सगळी गिळून टाकेल. आणि तीन दिवसांत चाव्या द्यायच्यात..."

दोघं सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेली. श्यामसुंदर काका म्हणजे बावीस वर्षं सेक्रेटरी. ठराव केल्याशिवाय गेटची कडीसुद्धा बदलायचे नाहीत. माणसं पांगली होती, पण सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप शाबूत होता. त्याच संध्याकाळी त्यावर ठराव आला:

'सदनिका क्र. १४ मधील माशाच्या बाळंतपणामुळे त्यांना पिल्ले बाहेर येईपर्यंत मुदतवाढ देण्यात येत आहे. सकाळची देखरेख सदनिका क्र. १३ करतील, सबब त्यांनाही. सकाळी व संध्याकाळी ग्रुपवर रिपोर्ट द्यावा. पिल्ले आल्यापासून चोवीस तासांत चाव्या जमा कराव्यात.'

सत्तावीस जणांनी अंगठे दिले. तळमजल्यावरच्या स्मितावहिनींनी वर नारळही टाकला.

सोळा घरांच्या बिल्डिंगमध्ये दोनच उरली. जिन्यावर धूळ साठली, पाणी दिवसातून एक तास. प्रितमची सहाची शिफ्ट अजून चालूच होती, म्हणून राजश्री सकाळी आठला त्याने दिलेल्या चावीने त्याच्या घरी जाऊन टॉर्च मारायची, ग्रुपवर लिहायची, 'अजून नाही', आणि ऑफिस गाठायची. संध्याकाळचा 'अजून नाही' प्रितमचा. ती परत आली की दोघं जिन्यात बसून चहा प्यायची, कारण खुर्च्या टेम्पोतून गेल्या होत्या.

"आज फार दमलीस?" एकदा तो म्हणाला. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, कळलंही नव्हतं.

"रोजच्याइतकीच."

"पाय वर घे मग. पायरी मोकळी आहे."

"तुझ्या अंगाला लागतील."

"लागू दे की... मी काय टाकीच्या काचेचा आहे?"

तिने पाय वर घेतले. त्याच्या गुडघ्याला तिची पावलं टेकली, आणि दोघांनीही ती तशीच राहू दिली. चहा निवला. इतकं बरं तिला वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्याचाच तिला धसका बसला. कारण फौजदाराने तोंड उघडलं की चोवीस तास. मग एक टेम्पो तळवलीला, आणि एक माणूस देवरुखला.

तेवीस तारखेला सकाळी तिने टॉर्च मारला. पानांखालून पिल्लांचा पुंजका वर आला. बारीक, काळी, तिळाएवढी... तीस-चाळीस तरी होती. आणि फौजदार मधोमध, खप्पड जबड्याने, पंख हलवत.

"झालास रे बाप!" ती पुटपुटली, आणि तिचे डोळे भरून आले.

मोबाइल हातात घेतला. 'आली' एवढंच लिहायचं होतं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग लिहिलं – 'अजून नाही.'

प्रयोगशाळेत दहा वर्षं झाली, एक आकडा कधी खोटा लिहिला नव्हता तिने. प्रितमने पिल्लांच्या खाद्याची बाटली आधीच आणून ठेवली होती. ती फोडून तिने चिमूटभर पाण्यावर टाकलं आणि बाटली फिल्टरमागे दडवली. दुपारी हा घरी येणार, पिल्लं बघणार, आपलं बिंग फुटणार. मग एका दिवसासाठी खोटं तरी कशाला लिहिलं? पण झालं ते झालं.

साडेपाचला ग्रुपवर प्रितमचा रिपोर्ट आला. 'अजून नाही.'

तिने तो तीनदा वाचला. बघितलंच नाही की काय याने? की... संध्याकाळी चहा पिताना तिने हळूच विचारलं, "नीट बघितलंस ना रे?"

"हो तर. तोंड फुगलेलंच आहे." आणि चहा त्याच्या नाकात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टाकीत वाकून बघितलं. पाण्यावर पिठासारखं बारीक खाद्य तरंगत होतं, तिने टाकलेलं नव्हे, वेगळंच, पिवळसर. राजश्री त्या रिकाम्या घरात लादीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून हसली. मग लिहिलं, 'अजून नाही.' पंचवीस तारखेलाही तेच. दोघांचंही. ती त्याला बोलली नाही, तो तिला बोलला नाही. पण रात्री झोप मात्र गाढ लागायला लागली तिला.

सव्वीसला रविवार होता, आणि श्यामसुंदर काका न सांगता आले. हातात टॉर्च, गळ्यात चष्मा. वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"अरे, हे काय? ही तर पळतायत!"

"हो का?" प्रितम म्हणाला. "आजच आली वाटतं..."

"आत्ताच, सकाळी," राजश्रीने री ओढली.

काकांचा हात फिल्टरमागे गेला. बाटली निघाली. त्यावर चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवर निळ्या पेनाने स्वच्छ अक्षरात मजकूर. काका मोठ्याने वाचायला लागले, "उघडल्याची तारीख, तेवीस मार्च. वेळ, आठ दहा. सही, राजश्री."

राजश्रीला धरणी दुभंगावी असं झालं. लॅबमध्ये कुठलीही बाटली फोडली की तारीख-वेळ-सही... हाताला वळणच पडलेलं! लपवायची बाटली, आणि तिच्यावरही सही करून मोकळी!

काकांनी पुन्हा हात घातला. कोपऱ्यातून एक पिवळी पुडी निघाली, अर्धी संपलेली. "आणि ही?"

"ती... माझी," प्रितम म्हणाला.

"म्हणजे तुम्ही दोघंही? एकमेकांपासून?" काकांनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं. "अहो, माझी बायको त्या माशासाठी रोज उदबत्ती लावतेय, आणि तुम्ही ग्रुपवर थापा मारताय! उद्या बाराच्या आत चाव्या. ऐकलंत?" जिन्यापर्यंत गेले, वळले. "आणि जरा तोंड उघडून बोला एकमेकांशी. माशाने उघडलं ना?"

ते गेले. घरात फिल्टरचा आवाज तेवढा राहिला.

"तू खोटं का लिहिलंस?" राजश्री म्हणाली.

"तू का लिहिलंस?"

"मी आधी विचारलं."

प्रितम लादीकडे बघत म्हणाला, "खरं लिहिलं असतं तर देवरुखची गाडी धरावी लागली असती."

"ठरलंच होतं ना तुझं?"

"तेव्हा थांबायला कारण नव्हतं."

"आणि आता?"

"आता चाळीस आहेत... मोजली मी."

"पिल्लं सोडून सांग."

त्याने काचेवरचा एक डाग अंगठ्याने पुसला. "एक आहे. पण ते कारण इतकं दमलेलं असतं की, आणखी काही मागायला जीव होत नाही."

राजश्रीला राग आला, माया आली, सगळं एकदमच.

"ऐक. मी खरंच दमलेय. मला सरप्राइज नको, फिरायला नेणं नको, सकाळी उठल्याउठल्या फुलांचे मेसेज तर मुळीच नकोत. मी घरी आले की अर्धा तास गप्प बसणार. कधी पाऊण तास. तेव्हा शेजारी कुणीतरी बसायला हवंय, आणि ते तूच हवायस. मला तू आवडतोस, प्रितम. फार आवडतोस. हे मी एकदाच सांगतेय, परत परत सांगायचं त्राण नाही माझ्यात."

"नको सांगूस," तो म्हणाला. "मी सांगेन. रोज. मी तर बेकारच होतोय आता, मला वेळच वेळ आहे."

"बेकार कशाला? राजीनामा मागे घेता येतो का बघ उद्याच. आणि दादाला फोन कर."

"आधी तळवलीत खोली बघतो. मग दादाला. तो शिव्या घालणार आहे."

"घालू दे. मी बसेन शेजारी."

त्याने तिचा हात हातात घेतला, आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आधार घेतल्यावर कळलं तिला, किती दिवस आपलं डोकं आपणच पेलत होतो. दोघं तशीच बसून राहिली, उन्हं खिडकीतून लादीवर येईपर्यंत.

मग तिने आईला फोन लावला.

"आई, उद्या टेम्पोतून एक टाकी येतेय."

"अगं, टाकी आहे इथे. पाणी चोवीस तास असतं."

"माशांची, आई. आणि टाकीबरोबर एक माणूस आहे."

आई हुशार होती; वर्षभर लेकीचा असा आवाज तिने ऐकला नव्हता.

"टाकी ठेवून जाणार, की जेवणार आहे?"

राजश्रीने प्रितमकडे बघितलं. तो श्वास रोखून ऐकत होता.

"जेवणार आहे," ती म्हणाली. "कुकरला उद्यापासून थोडे तांदूळ जास्तच लाव."